चर्चमागच्या शेतातलं गवत

जानेवारीतल्या तापानंतर ओर्विन हुस्बीला वास येईनासा झाला, आणि ही गोष्ट त्याने जूनपर्यंत कोणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. विस्कॉन्सिनच्या टेकड्यांमधल्या त्या खोऱ्यात यात कोणाला फार वावगं वाटलं नसतं. नॉर्वेहून आलेल्यांची ही नातवंडं-पतवंडं. पाय मोडला तर ‘जरा आखडलाय’ म्हणतात, वादळाने छप्पर उडालं तर ‘हवा खेळती झाली’ म्हणतात, आणि एखादी गोष्ट फारच आवडली, अगदी डोळ्यात पाणी यावं इतकी, तर ‘वाईट नाही’ म्हणतात. यापलीकडची स्तुती त्यांच्यात शिष्टाचाराला सोडून समजली जाते.

पण ओर्विनचं नाक ही त्याची एकट्याची मालमत्ता नव्हती. ते साऱ्या खोऱ्याचं होतं.

गवत कापून शेतात वाळत घालायचं, दाताळ्याने ओळी ओढायच्या आणि बेलरने गठ्ठे बांधायचे, यात अवघड असं काही नाही. अवघड आहे ते ‘कधी’ हे ठरवणं. ओलसर बांधलं तर गठ्ठ्याच्या पोटात गवत तापतं. बरं नशीब असेल तर नुसती बुरशी धरते, नसेल तर चार-आठ दिवसांनी कोठार पेटतं. फार वाळू दिलं तर लसूणघासाची पानं गळून पडतात आणि गाईंच्या पुढ्यात काड्या उरतात. या दोहोंच्या मधे दीड-दोन तासांची एक फट असते, आणि ती फट ओर्विनला वासावरून कळायची. मूठभर गवत घ्यायचं, दोरीसारखं पिळायचं, नाकाशी धरायचं. मग ‘चालेल’ किंवा ‘नाही अजून’. पन्नास वर्षांत तो चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्याचा पुतण्या केंट आता सगळी जमीन कसायचा. त्याच्या बेलरला गवतातली ओल मोजणारं यंत्र होतं, चालकाच्या पुढे पडदा होता. तरी तो शेतातून फोन करायचा, “काका, यंत्र सोळा टक्के म्हणतंय. तुम्ही काय म्हणता?”

केंटचे गठ्ठे म्हणजे पुरुषभर उंचीचे गोल रोळे, पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेले. एक माणूस, एक ट्रॅक्टर, दुपारभरात काम खलास. टेकडीवर ते असे पडलेले असत की कुठल्याशा अवाढव्य कोंबडीने अंडी घालून विसरून जावं. ओर्विनची त्याबद्दल तक्रार नव्हती. त्याने फक्त चर्चमागचं पाच एकराचं शेत स्वतःकडे ठेवलं होतं. तिथे दरवर्षी जूनमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा जुन्या पद्धतीने गवत निघायचं. पुढे त्याचा लाल ट्रॅक्टर, मागे १९६४ सालचा बेलर, त्यामागे गाडा, आणि गाड्यावर चौकोनी गठ्ठे रचणारी माणसं.

या माणसांची गंमत अशी की त्यांना बोलवावं लागत नसे. ज्यांनी तरुणपणी या कामाला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या, ‘यापुढे गठ्ठ्याला हात लावणार नाही’ म्हणून जे शहरात दात उपटायला किंवा विमे विकायला निघून गेले होते, तेच लोक आता साठी उलटल्यावर स्वतःचे हातमोजे घेऊन, दोन-दोन तास गाडी हाकून यायचे. बाह्यांवर काडीचे ओरखडे उमटले, कॉलरमध्ये कुसळ गेलं, पाठीत उसण भरली, की त्यांचे चेहरे खुलायचे. बेलरचा तो ठरावीक ठेका, धप्प-खट, धप्प-खट, एकदा सुरू झाला की बोलणं आपोआप बंद व्हायचं. आणि या मंडळींना बोलायला लागू नये यासारखं सुख नाही.

पहिला फोन नेहमी शेजारच्या डेल्मर स्कारचा यायचा. हा ओर्विनपेक्षा दोन वर्षांनी मोठा, लहानपणापासून गाड्यावर गठ्ठे रचण्यात पटाईत, आणि ओर्विनच्या बेलरविषयी गेली चाळीस वर्षं एकच मत बाळगून असलेला.

“काय रे, तुझं ते गाठी न मारणारं गाठयंत्र यंदा काढतोयस का?”

“दहातल्या नऊ गाठी मारतं.”

“दहावी मी मारतो. म्हणून विचारलं.”

असं सगळं दरवर्षीप्रमाणे चाललेलं, आणि ओर्विनला मात्र कॉफीचा वास येत नव्हता. फेब्रुवारीत चर्चमध्ये लूटफिस्कची जेवणावळ झाली. क्षारात मुरवून लिबलिबीत केलेला हा मासा पूर्वजांच्या स्मरणार्थ गिळायचा असतो, आवडीने खायचा नसतो. ओर्विनने तो तीनदा वाढून घेतला. शेजारी बसलेल्या डेल्मरने काटा खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचलला. एप्रिलमध्ये एकदा टोस्ट जळून स्वयंपाकघर धुराने भरलं, तेव्हा ओर्विन टेबलापाशी पेपर वाचत बसलेला सापडला. “मला वाटलं डोळ्यांना मोतीबिंदू आला,” असं त्याने बायकोला, आर्डिसला, सांगितलं. तिने खिडकी उघडली आणि डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली.

सांगून टाकायला काय हरकत होती, असं कोणी विचारील. त्यासाठी त्याच्या वडिलांच्या कोठाराकडे जावं लागेल.

ओर्विन अकरा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांचं, थोरवाल्ड हुस्बींचं, कोठार जळालं. बावीस गाईंपैकी चार गेल्या. थोरवाल्ड पाइप ओढायचे, आणि त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं की माळ्यावर पाइप विझवायचा राहिला. खोऱ्याने मान डोलावली. पुढे पाइपचा विषय निघाला की लोक हळहळून म्हणायचे, ‘थोरवाल्डचं कसं झालं बघा.’ पण ओर्विन त्या दिवसांत वडिलांबरोबर शेतात होता. त्याने गठ्ठ्यांना हात लावला होता. ते थंड आणि जड होते. पाऊस येईल म्हणून वडिलांनी घाई केली होती. पाइपमुळे कोठार जाळणारा माणूस निष्काळजी ठरतो. ओलं गवत भरून कोठार जाळणारा माणूस शेतकरीच ठरत नाही. थोरवाल्डनी या दोहोंतून एक निवडलं, आणि नंतर आयुष्यभर, वसंत असो की शिशिर, कोणाच्याही कोठाराच्या आसपास पाइप खिशातून काढला नाही. ही गोष्ट ओर्विनने कधी कोणाला सांगितली नव्हती. त्याने फक्त गवताचा वास घ्यायला सुरुवात केली. अकराव्या वर्षापासून दररोज, प्रत्येक शेतात, एखाद्या मुलाने पाढे म्हणावेत तसा.

तेव्हा सत्त्याहत्तराव्या वर्षी, ‘आता मला वास येत नाही’ हे वाक्य काही साधं नव्हतं.

*

जूनमध्ये बुधवारी गवत कापलं. आर्डिसच्या बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन नेमकं शुक्रवारी निघालं, म्हणून ती तीन दिवसांसाठी शहरात गेली. जाताना तिने शनिवारचं जेवण करून ठेवलं. हॅमची सँडविचेस, बटाट्याचं सॅलड, आणि रूबार्बचे चार ‘पाय’, म्हणजे त्या आंबट देठांचं गोड सारण भरून भट्टीत भाजलेल्या जाड पोळ्या. वाढण्याची जबाबदारी लाव्हॉनकडे सोपवली. लाव्हॉन म्हणजे खोऱ्यात टपाल वाटणारी बाई, आणि खोऱ्याच्या हौशी अग्निशमन दलाची प्रमुख. या दोन्ही कामांमुळे तिला वेळेचं भलतंच वेड होतं.

बाराच्या ठोक्याला तिने जेवण वाढलं. साडेबाराला सगळ्यांचं आटोपलं. बाराला पंचवीस कमी असताना गाड्या लावून चौदा माणसं जमली होती ती आता हातमोजे घालून ओर्विनकडे बघत उभी राहिली. पश्चिमेला ढगांची एक फिकट रेघ उठली होती. संध्याकाळी पाऊस, असं रेडिओ म्हणत होता.

ओर्विन वरच्या अंगाला, चर्चच्या कुंपणाजवळच्या ओळीत वाकला. मूठभर गवत घेतलं, पिळलं. काड्या कडकडल्या, तुटल्या, पण सगळ्याच नाही. नखाने एका दांड्याची साल खरवडून पाहिली, सुटली तर ओल आहे म्हणून. निघाली न निघाल्यासारखी. एरवी इथेच नाकाने निकाल दिला असता. त्याने मूठ नाकाशी नेली आणि डोळे मिटले. लोक गप्प झाले. शहरातल्या एका निवृत्त दंतवैद्याने तर टोपी काढली.

काहीच आलं नाही. काचेचा वास घ्यावा तसं.

खालच्या अंगाला, ओढ्याकडे, जमीन ओलसर असते हे त्याला ठाऊक होतं. तिथवर चालत जाऊन बघायला हवं होतं. पण गेलो तर लोक म्हणतील, ‘आज दोनदा बघावं लागलं.’ हे त्याच्या मनात आलं, त्याचं त्यालाही नंतर हसू आल्यावाचून राहिलं नाही. ढगांची रेघ जरा जाड झाली होती.

“चालेल,” ओर्विन म्हणाला.

त्यानंतरची दुपार, खरं सांगायचं तर, फार सुंदर झाली. सगळ्या वाईट निर्णयांनंतर पाऊसच पडतो असं नाही. ढग आले आणि उत्तरेला निघून गेले. लाल ट्रॅक्टर गुरगुरत ओळींवरून निघाला, बेलरने गवत पोटात ओढलं, धप्प-खट, धप्प-खट, आणि मागून सुतळीत बांधलेले गठ्ठे एकामागून एक गाड्यावर येऊ लागले. डेल्मर गाड्यावर पाय फाकवून उभा. खालचा थर उभा, वरचा आडवा, कोपरे एकमेकांत गुंतवून, विटांचं बांधकाम करावं तसं. दहाव्या गठ्ठ्याची गाठ बसली नाही की तो शिवी न देता ती हाताने मारायचा. शिवी न देणं हीच त्याची शिवी होती. गाडा भरला की कोठाराकडे. तिथे साखळीची शिडी गठ्ठे वर माळ्यावर चढवायची, आणि वर दंतवैद्य आणि विमेवाले अंधारात, धुळीत, मुक्तीच्या आनंदात ते रचायचे. प्रत्येक थरावर केंट मूठभर मीठ शिंपडायचा, कारण त्याच्या आजोबांनी शिंपडलं होतं.

ओढ्याकडच्या ओळींवर आल्यावर डेल्मरने एक गठ्ठा गुडघ्यावर तोलला.

“जरा जड आहेत,” तो म्हणाला.

ट्रॅक्टरच्या आवाजातही ओर्विनला ते ऐकू गेलं. “तू म्हातारा झालास,” तो म्हणाला.

“असेलही,” डेल्मर म्हणाला आणि गठ्ठा रचला.

संध्याकाळी चारशे वीस गठ्ठे माळ्यावर होते. लोकांनी हात हलवून निरोप घेतला. दंतवैद्य ओर्विनपाशी थांबला, काही तरी मोठं बोलायचं असल्यासारखा घुटमळला, आणि म्हणाला, “वाईट नाही झालं.” मग गाडीत बसून दोन तासांच्या वाटेला लागला.

*

मंगळवारी सकाळी आर्डिस कपडे वाळत घालत होती. शहरातून ती रविवारीच परतली होती. ओर्विन पायरीवर बसून बुटांना तेल लावत होता.

“कोठारात कोण पाइप ओढतंय?” तिने विचारलं.

ओर्विनचा हात थांबला.

“तंबाखूसारखा वास येतोय,” ती म्हणाली. “गोडसर. साखर करपायला आल्यासारखा. तुझ्या वडिलांच्या कोटाला यायचा तसा. कोणी आलंय का?”

या घरात चाळीस वर्षांत कोणी पाइप ओढला नव्हता. तापायला लागलेलं गवत पेटण्याआधी कसं घमघमतं हे खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. आर्डिसने हातातला चिमटा दोरीवर लावला, मग वळून नवऱ्याकडे बघितलं. वारा कोठाराकडून सरळ पायरीवर येत होता.

“ओर्विन,” ती म्हणाली, “तुला वास येत नाहीये.”

“नाही.”

“कधीपासून?”

“जानेवारी.”

तिने मनातल्या मनात काही तरी जुळवलेलं दिसलं. “डोळ्यांच्या डॉक्टरला उगीच त्रास दिला,” ती म्हणाली. “चल.”

माळ्यावर चढून ओर्विनने लांब लोखंडी सळई गठ्ठ्यांच्या राशीत आरपार खुपसली आणि दोघं वीस मिनिटं खाली उभी राहिली. ही वीस मिनिटं कशी गेली ते दोघांनीही पुढे कधी सांगितलं नाही. सळई बाहेर काढली तेव्हा तिचं टोक हातात धरवत नव्हतं.

आता करायचं काय ते स्पष्ट होतं. रास उपसून प्रत्येक गठ्ठा बाहेर काढायचा, आणि हवा लागून पेट घेऊ नये म्हणून पाणी तयार ठेवायचं. एकट्याचं काम नव्हे. माणसं बोलवायला हवीत, आणि माणसं विचारणार.

फोनपर्यंतच्या पंधरा पावलांत ओर्विनच्या डोक्यात निदान चार कारणं तयार झाली. सगळी एकाहून एक चांगली. केंटने दाताळं उशिरा फिरवलं. ओढ्याला यंदा पाझर जास्त. बेलर जुना, गठ्ठे फार घट्ट दाबतो. रात्री दव पडलं. वडिलांना एकच कारण सापडलं होतं, तरी तेवढ्यावर त्यांचं आयुष्य निघालं. त्याने लाव्हॉनचा नंबर फिरवला.

“गवत तापलंय,” तो म्हणाला. “सळई हातात धरवत नाही.”

“धूर?”

“नाही.”

“निघालोच. कारण काय लिहू? मला फॉर्ममध्ये कारण लिहावं लागतं.”

आर्डिस दारात उभी होती. तिने मदत केली नाही आणि अडवलंही नाही.

“ओलं होतं,” ओर्विन म्हणाला. “मी चालेल म्हणालो. मला जानेवारीपासून वास येत नाही, लाव्हॉन. मी बघितलंच नाही नीट.”

पलीकडे पेन खरडल्याचा आवाज आला आणि थांबला. लाव्हॉनला एवढं लांबलचक उत्तर कोणाकडून मिळायची सवय नव्हती.

“रकाना एवढा मोठा नाही,” ती म्हणाली. “‘ओल’ लिहिते.”

अर्ध्या तासात अग्निशमनाची गाडी आणि तिच्यामागून शनिवारचीच माणसं आली. ज्यांनी चढवले त्यांनीच उतरवले. दंतवैद्य मात्र दुपारी एकला पोचला. त्याने दोन रुग्ण पुढे ढकलले होते असं म्हणाला. निवृत्त माणसाकडे रुग्ण कुठून आले हे कोणी विचारलं नाही. लाव्हॉन पाण्याची नळी धरून माळ्याच्या दाराशी उभी, केंट आणि बाकीचे राशीतून गठ्ठे ओढून खाली टाकत होते. वरचे कोमट, मधले गरम, आणि ओढ्याकडचे होते ते मधोमध तपकिरी पडलेले. सुतळी कापली की त्यातून वाफ उठायची. दोन ठिकाणी काळे डाग धरले होते. लाव्हॉनने त्यांच्यावर पाण्याचा एक झोत सोडला, पुरेल एवढाच.

ओर्विन खाली अंगणात गठ्ठे फोडून गवत पसरत होता. कोणी त्याला काही बोललं नाही. लाव्हॉनने सगळ्यांना सांगितलं असणार, आणि तरी कोणी बोललं नाही, हे त्याला सळईपेक्षा जास्त भाजत होतं. शेवटी डेल्मर गवताचा लांब दांड्याचा काटा घेऊन त्याच्या शेजारी उभा राहिला, आणि दोघं बराच वेळ गवत उलटत राहिले.

“डेल्मर,” ओर्विन म्हणाला, “माझ्या बापाचं कोठार पाइपने जळालं नव्हतं.”

“ठाऊक आहे.”

ओर्विनने काटा टेकवला. “कसं?”

“माझा बाप तुझ्या बापाच्या गाड्यावर गठ्ठे रचायला होता ना. घरी येऊन आईला म्हणाला, जड होते.”

“मग कोणाला सांगितलं त्याने?”

“सांगायचं कशाला. त्या गाड्यावर चार जण होते.” डेल्मरने काट्यावर गवत तोललं. “सगळ्यांनाच ठाऊक होतं. थोरवाल्ड पाइप म्हणाले, तर पाइप. त्यांच्या चार गाई गेल्या होत्या, वर आणखी त्यांचं बोलणं कशाला काढून घ्यायचं.”

सहासष्ट वर्षं साऱ्या खोऱ्याने एक पाइप जपून ठेवला होता, आणि ओर्विनला वाटत होतं की तो एकटाच जपतोय. तो खाली बसला. गुडघा आखडला म्हणून, असं त्याने नंतर सांगितलं.

“आणि माझं?” त्याने विचारलं. “माझं कधी कळलं?”

“मासा तीनदा घेतलास तेव्हा शंका आली.”

“मग शनिवारी बोलला का नाहीस, लेका?”

“बोललो की. जड आहेत म्हटलं.” डेल्मरला खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं. “त्याच्यापुढे बोललो असतो तर ते भांडण झालं असतं.”

*

कोठार वाचलं. गवत निम्मं गेलं, निम्मं शेळ्यांनी नाखुशीने खाल्लं. त्या रविवारी कॉफी पिताना ओर्विनने आर्डिसला सांगितलं की ऑगस्टची कापणी केंटने त्याच्या यंत्राने करावी, रोळे बांधावेत, आपला बेलर विकून टाकावा.

आर्डिस रूबार्ब चिरत होती. “पन्नास वर्षांत एकदा चुकलास,” ती म्हणाली.

“एकदा पुरतं.”

“एकदाच नव्हे खरं तर.” तिने सुरी खाली ठेवली. तिला हे सांगायचं नव्हतं हे दिसत होतं. “जेवण वेळेवर वाढलं लाव्हॉनने.”

ओर्विनला संबंध कळेना.

“एकोणऐंशी साली,” ती म्हणाली, “जेवायला अडीच वाजले होते. आठवतंय? रूबार्बचा ‘पाय’ भाजायचा राहिला होता.”

“तू म्हणाली होतीस भट्टी बिघडलीय.”

“भट्टीला काही झालं नव्हतं. दोरीवरचे कपडे काढायला बाहेर आले, तर गवताचा वास अजून हिरवा येत होता. तू ‘चालेल’ म्हणायच्या बेतात होतास, ढग आले म्हणून. ब्याण्णवला कॉफी सांडली, ती पुन्हा करावी लागली. त्यानंतर एकदा चर्चमधल्या बर्निसने आणखी एक ‘पाय’ आणला, तो कापायला वेळ लागला. तुझं नाक चांगलंच होतं, ओर्विन. दहातल्या नऊ वेळा. ढग आले की फक्त थोडी घाई व्हायची. तुझ्या वडिलांसारखी.”

ओर्विनने कप खाली ठेवला. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली होती, आणि आपलं जेवण अधूनमधून उशिरा होतं ते बायकोच्या ढिलाईमुळे असं तो मनातल्या मनात तिला माफ करत आला होता.

“किती वेळा?” त्याने विचारलं.

“मोजलं नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कोणी विचारलं नाही,” आर्डिस म्हणाली आणि सुरी उचलली. “आणि तुला ‘नाही अजून’ म्हणायला फार आवडायचं.”

*

ऑगस्टमध्ये डेल्मरचा फोन आला तो आर्डिसने घेतला. “काढतोय,” ती म्हणाली. “गाठयंत्रासकट.”

त्या दिवशी ढग असूनही हुस्बींकडचं जेवण बाराच्या ठोक्याला वाढलं गेलं, आणि आर्डिस स्वतः हजर होती. साडेबाराला सगळे हातमोजे घालून उभे राहिले. ओर्विन आणि आर्डिस दोघं शेतात उतरले, आणि या खेपेला आधी ओढ्याकडे गेले. आर्डिसने चर्चला जायचे बूट घातले होते. का, ते तिलाच माहीत. ओर्विनने गवत पिळलं, नखाने साल खरवडली, आणि मूठ तिच्यापुढे धरली. तिने दोन्ही हातांनी त्याचा पंजा धरून नाकाशी नेला. वरून बघणाऱ्यांनी नजर दुसरीकडे वळवली, इतकं ते खासगी दिसत होतं.

“नाही अजून,” आर्डिस म्हणाली. मोठ्याने म्हणायची सवय नसल्यामुळे तिला ते दोनदा म्हणावं लागलं.

वर कुंपणाजवळ केंटने घड्याळ बघितलं, यंत्राबद्दल काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. माणसं गाड्याच्या काठावर, गवतात, चर्चच्या पायऱ्यांवर बसली. पश्चिमेला ढग होते. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते. लाव्हॉनने चार वेळा घड्याळ खिशातून काढलं आणि पाचव्यांदा गाडीत ठेवून आली. दंतवैद्य आडवा होऊन झोपला.

तासाभराने दोघं पुन्हा खाली गेले. ओर्विनने पिळलं. काड्या कडकड मोडल्या, सगळ्या. आर्डिसने वास घेतला, आणि या वेळी पटकन सोडला नाही.

“कसा येतोय?” ओर्विनने हळूच विचारलं.

तिला वर्णन करून सांगायचा प्रसंग आयुष्यात फारसा आला नव्हता. तिने ओढ्याकडे बघितलं, मग त्याच्या खांद्याकडे.

“तुझ्या शर्टाला येतो तसा,” ती म्हणाली. “गवताच्या दिवसांत. संध्याकाळी तू घरी येतोस आणि मी धुवायला घेते तेव्हा.”

“तो कसा असतो?”

आर्डिसने त्याच्या बाहीवरची एक काडी काढली.

“वाईट नाही,” ती म्हणाली.

ओर्विनने मान हलवली, आणि गुडघ्याला न विचारता चढ चढून ट्रॅक्टरवर बसला. बेलरने गवत पोटात घेतलं, धप्प-खट, धप्प-खट. पहिल्याच गठ्ठ्याची गाठ बसली नाही. गाड्यावर डेल्मर वाकला, काहीही न बोलता सुतळी ओढून घेतली, आणि गाठ मारली.